विश्लेषण : पुन्टो अबार्थ की पोलो जीटी? जालन्याच्या संग्राहकाने कोणती ‘टर्बो’ जपावी?

जालन्याहून नगरमार्गे पुण्याला निघालेल्या माणसाला वाटेत युरोपीय गाड्यांचे दोन कारखाने लागतात. पहिला छत्रपती संभाजीनगरच्या अलीकडे, जालना रस्त्यावरच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीतला स्कोडाचा. दुसरा रांजणगावचा. अष्टविनायकातल्या महागणपतीच्या दर्शनाला थांबणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते, की तिथल्या वसाहतीत फियाटच्या गाड्या तयार होत असत. पुढे शिक्रापूरहून उजवीकडे वळले की चाकण, म्हणजे फोक्सवॅगन.

रांजणगाव आणि चाकण या दोन ठिकाणांहून गेल्या दशकात दोन छोट्या पण जोरदार गाड्या बाहेर पडल्या : फियाटची पुन्टो अबार्थ आणि फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय. दोन्हींचे उत्पादन थांबले आहे. शोरूममध्ये त्या मिळत नाहीत, त्यामुळे जुन्या बाजारात त्यांची चौकशी सुरू असते. हौसेने गाडी घेऊन वर्षानुवर्षे जपायची असेल, तीही पुण्या-मुंबईत नव्हे तर जालन्यात राहून, तर यापैकी कोणती घ्यावी? या प्रश्नाचे उत्तर अश्वशक्तीच्या आकड्यात सापडत नाही.

‘हॉट हॅचबॅक’ म्हणजे नेमके काय?

मागचे दार काचेसकट वर उघडणारी, चार मीटरच्या आतबाहेरची घरगुती गाडी म्हणजे हॅचबॅक. तिच्यातच मोठ्या ताकदीचे इंजिन, कडक सस्पेन्शन आणि चांगले ब्रेक बसवले की ती ‘हॉट’ होते. या प्रकाराला नाव मिळवून दिले ते १९७६च्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने. तिला टर्बो नव्हता. टर्बोची लाट ऐंशीच्या दशकात आली. रेनॉ ५ जीटी टर्बो आणि फियाट युनो टर्बो या दोन्ही १९८५च्या गाड्या. लान्सिया डेल्टाने तर १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षे जागतिक रॅलीचे उत्पादक विजेतेपद सोडले नाही.

टर्बोचे काम सोपे आहे. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एरवी वाया जातो. त्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरवायचा, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्येच घेतले होते. अडचण एकच. धुराचा जोर वाढेपर्यंत पंखा वेग धरत नाही. पाय दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग गाडी एकदम सुटते. याला ‘टर्बो लॅग’ म्हणतात. काहींना तो दोष वाटतो, काहींना त्यातच मजा वाटते.

मग मूळ युरोपीय गाडीच का आणू नये?

कारण कायदा आडवा येतो. परदेशातून वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली हवी, हा आयातीचा सर्वसाधारण नियम. फार जुन्या, व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आहे, पण १९८५ची युनो टर्बो तेवढी म्हातारी झालेली नाही. सीमाशुल्काचा आकडा तर निराळाच. ऐंशी-नव्वदच्या दशकातली युरोपीय टर्बो हॅचबॅक भारतीय संग्राहकाच्या आवाक्याबाहेर राहते ती अशी.

फोक्सवॅगनने २०१६ च्या अखेरीस पोलो जीटीआय ही तीन दारांची, १९२ पीएसची गाडी थेट आयात करून ९९ नगांपुरती आणली होती. किंमत २५.९९ लाख रुपये, शोरूमची. ती ज्यांच्याकडे आहे ते सहजी विकत नाहीत. तेव्हा सामान्य हौशी माणसाच्या हाती उरतात त्या महाराष्ट्रातच बनलेल्या दोन गाड्या.

कागदावर कोण पुढे?

पोलो जीटी टीएसआय एप्रिल २०१३ मध्ये आली. ११९७ सीसीचे चार सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटन मीटर टॉर्क आणि सात गिअरचा स्वयंचलित डीएसजी गिअरबॉक्स. गंमत म्हणजे १९८५च्या युनो टर्बोची ताकदही १०५ पीएसच होती. शून्य ते १०० किलोमीटरचा कंपनीचा दावा ९.७ सेकंदांचा.

पुन्टो अबार्थ ऑक्टोबर २०१५ मध्ये आली, दिल्लीतली शोरूम किंमत ९.९५ लाख रुपये. १३६८ सीसीचे टी-जेट इंजिन, १४५ बीएचपी, २१२ न्यूटन मीटर, हाताने बदलायचे पाच गिअर आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. दावा ८.८ सेकंदांचा. हेच टी-जेट इंजिन आधी फियाटच्या लिनिया या सेडानमध्ये कमी ताकदीवर येत होते. विंचवाचे चिन्ह आहे ते कार्लो अबार्थ यांचे. १९०८ मध्ये व्हिएन्नात जन्मलेल्या या माणसाची रास वृश्चिक. त्यांनी १९४९ मध्ये इटलीत सुरू केलेली कंपनी १९७१ मध्ये फियाटने घेतली.

दोन्ही गाड्यांच्या इंजिनांच्या आकारामागे आपल्याकडचा करही आहे. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि १२०० सीसीपेक्षा लहान पेट्रोल इंजिन असेल तर गाडी ‘छोटी’ ठरते आणि कर कमी लागतो. पोलोचे ११९७ सीसी या रेषेच्या जेमतेम आत बसतात. अबार्थची लांबी नियमात बसत होती, इंजिन बसत नव्हते. आधीच ग्राहक कमी, त्यात कराचा बोजा. अबार्थ रस्त्यावर कमी दिसण्यामागे हे एक कारण नक्कीच आहे. पण तेव्हा विक्रीला मारक ठरलेली गोष्ट आज संग्राहकासाठी जमेची आहे.

जालन्याच्या रस्त्यावर काय होईल?

समृद्धी महामार्गावर मोटारींसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. या दोन्ही गाड्या तिथवर सहज पोहोचतात, त्यामुळे एक सेकंदाचा फरक निव्वळ गप्पांपुरता उरतो. खरा फरक शहरात आणि गावाकडच्या रस्त्यावर जाणवतो.

पोलोचा पूर्ण टॉर्क १५०० फेऱ्यांनाच मिळू लागतो. बाजारातल्या गर्दीत ती शांत, गुणी गाडीसारखी वागते. अबार्थ २००० फेऱ्यांच्या खाली सुस्त असते आणि त्यानंतर खेचते, तेही असे की पुढची चाके रस्ता सोडू पाहतात. तिचे हायड्रॉलिक स्टिअरिंग हातात रस्त्याची खबर देते. आजच्या गाड्यांत ते जवळपास नाहीसे झाले आहे. याउलट तिचा क्लच जड आहे आणि जमिनीपासूनची उंची १५५ मिलिमीटर, म्हणजे मोजमाप न पाळता बांधलेल्या गतिरोधकावर पोट घासणार. जालना जिल्ह्यात असे गतिरोधक शोधावे लागत नाहीत.

धूळ आणि ऊन हा दोघींचाही शत्रू. टर्बो भरपूर हवा ओढतो, म्हणून एअर फिल्टर कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या आधी बदलणे शहाणपणाचे. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना जोरात चालवून आणलेली गाडी लगेच बंद करू नये. मिनिटभर इंजिन चालू ठेवले की टर्बोच्या बेअरिंगमधून तेल फिरून ते थंड होते. ते न केल्यास तिथले तेल जळून काजळी धरते आणि एक दिवस निळा धूर निघतो.

बिघडते काय, आणि दुरुस्त कुठे होते?

निवडीचा निकाल या मुद्द्यावर लागतो, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

पोलोचे सगळ्यात नाजूक अंग म्हणजे तिचा डीक्यू२०० जातीचा डीएसजी गिअरबॉक्स. त्यात दोन कोरड्या क्लच असतात. एक सम गिअर धरते, दुसरी विषम. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार ठेवलेला असतो, म्हणून बदल डोळ्याचे पाते लवण्याच्या आत होतो. हे सारे चालवते मेकॅट्रॉनिक नावाचे युनिट : अर्धे यंत्र, अर्धा संगणक. याच गिअरबॉक्सच्या तक्रारींवरून २०१३ मध्ये चीनमध्ये सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि त्याच वर्षी फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांत गिअरबॉक्सचे कृत्रिम तेल काढून खनिज तेल भरण्याची मोहीम घेतली. कंपनीचेच म्हणणे होते, की उष्ण-दमट हवा आणि थांबत-थांबत चालणारी वाहतूक एकत्र आली की त्या तेलामुळे विजेचे बिघाड होऊ शकतात. कोरड्या क्लचला तेलाचा गारवा नसतो, त्यामुळे इंच-इंच सरकणाऱ्या गर्दीत ती तापते. मेकॅट्रॉनिक गेले तर पान्हा-स्क्रू ड्रायव्हरने काम होत नाही. निदान करणारा संगणक, त्याचे सॉफ्टवेअर आणि ते वापरता येणारा माणूस लागतो. म्हणजे गाडी टोइंगवर चढवून मोठ्या शहरात न्यायची. खर्च असा येतो की जुनी गाडी विकून टाकावीशी वाटावी. पहिल्या काळातल्या १.२ टीएसआय इंजिनांची टायमिंग चेन ढिली पडण्याची तक्रारही जगभर आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड ऐकू आली तर तो इशारा समजावा.

अबार्थचे उलटे आहे. तिला बनवणारी कंपनी २०१९ च्या सुमारास भारतातल्या प्रवासी गाड्यांच्या बाजारातून बाहेर पडली, पण गाडी स्वतः जुन्या पद्धतीची आहे. बिडाचा इंजिन ब्लॉक, टायमिंग बेल्ट, साधा क्लच, साधा गिअरबॉक्स. हे इंजिन फियाटच्या १९८५ पासून चालत आलेल्या ‘फायर’ घराण्यातले. टर्बो सोडला तर अनुभवी मेकॅनिकला परके वाटावे असे त्यात फार थोडे आहे. साध्या पुन्टो आणि लिनियाचे बरेच सुटे भाग तिला चालतात.

मग अडते कुठे? पत्र्याला आणि सजावटीला. अबार्थचे खास अलॉय व्हील, आतली सीटची कव्हरे, चिन्हे, तिच्याच सस्पेन्शनचे भाग. एखाद्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने मागून ठोकले आणि दिवा फुटला, तर डेंटिंग-पेंटिंगवाला पत्रा सरळ करून देईल. दिवा कुठून आणणार? पोलोचा दिवा मिळतो, कारण २०१० ते २०२२ या काळात देशात पोलो मोठ्या संख्येने विकली गेली आणि जीटीचा बराचसा बाह्यभाग साध्या पोलोचाच आहे.

थोडक्यात, पोलोचा पत्रा जपणे सोपे आणि आतले यंत्र अवघड. अबार्थचे यंत्र सोपे आणि पत्रा अवघड. संग्राहक वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर चालवतो, ठोकाठोकी टाळतो, गाडी शेडमध्ये ठेवतो. त्याच्यासाठी यंत्र सोपे असलेली गाडी बरी. रोज कामावर नेणाऱ्याचा हिशेब वेगळा, त्याला पोलोच परवडेल.

जालन्याच्या माणसाला याची एक बाजू वेगळी सांगायला नको. इथल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळून सळई होते. अपघातात गेलेली अबार्थ भंगारात निघाली की तिच्यासोबत एक इंजिन, दोन दरवाजे आणि दिव्यांचा एक जोडही वितळतो, आणि ते पुन्हा तयार होणार नसतात. ज्याला अबार्थ जपायची आहे त्याने भंगार बाजारात साध्या पुन्टोवरही नजर ठेवावी. दाराच्या पट्ट्या, काचा, हेडलाइट, वायपरची मोटर असे भाग आज मिळतात तेव्हाच घेऊन ठेवलेले बरे. घरात थोडी कटकट होईल.

अस्सल गाडी ओळखायची कशी?

आरसीवरचा सीसीचा आकडा पाहून अबार्थ ओळखता येत नाही. साध्या पुन्टोचे १.४ पेट्रोल इंजिनही १३६८ सीसीचेच. विंचवाचे स्टिकर आणि अलॉय व्हील लावून साधी पुन्टो सजवणे अवघड नाही. मागच्या चाकांना डिस्क ब्रेक आहेत का ते पाहावे, बॉनेट उघडून टर्बो आणि इंटरकूलरचे पाइप पाहावेत आणि आरसीवरचे मॉडेलचे नाव, इंजिन आणि चेसिस क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी जुळवावेत. उंच बांधणीची अव्हेंचुरा हीदेखील टी-जेटसह मिळत असे. ती वाईट नाही, पण ती पुन्टो अबार्थ नव्हे.

पोलोत फरक एका सीसीचा आहे. जीटी टीएसआय ११९७, तर सुरुवातीची साधी पेट्रोल पोलो ११९८. एप्रिल २०२० नंतरची टीएसआय निराळी, तीन सिलिंडरची ९९९ सीसी आणि ११० पीएसची. तिच्यात डीएसजी नाही. सहा गिअरचा मॅन्युअल किंवा जुन्या धाटणीचा टॉर्क कन्व्हर्टर आहे. ज्याला पोलोच हवी पण डीएसजीची भीती वाटते, त्याने ही मॅन्युअल शोधावी. संग्राहकांच्या चर्चेत तिचे नाव कमी निघते. ते पुढे बदलेल असे वाटते.

दोन्ही गाड्यांत ‘रीमॅप’ केलेल्या गाड्यांपासून सावध राहावे. इंजिनाच्या संगणकात फेरफार करून ताकद वाढवण्याचा हा प्रकार. डीक्यू२०० गिअरबॉक्स साधारण २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या जोरासाठी बनवला आहे. १७५च्या गाडीत तो जोर वाढवला की क्लचचे आयुष्य कोणाच्या खात्यातून जाते, हे विकणारा सांगत नाही.

कायदा किती दिवस चालवू देईल?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. म्हणजे २०१३ची पहिली पोलो जीटी २०२८ मध्ये आणि २०१५ची अबार्थ २०३० मध्ये आरटीओच्या दारात उभी राहील. तपासणीत पास झाली तर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढते. चारचाकीच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५००० रुपये झाले, वर राज्याचा पर्यावरण कर. वयावरून सरसकट बंदी महाराष्ट्रात नाही.

केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पण अट ५० वर्षांची आहे, शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यापुरतीच मुभा. या हिशेबाने पोलो जीटी २०६३ मध्ये आणि अबार्थ २०६५ मध्ये ‘व्हिंटेज’ ठरेल. तोवर, म्हणजे १५ ते ५० वर्षांच्या मधल्या काळात, कायद्याच्या लेखी ही फक्त एक जुनी गाडी. युरोपात तीस वर्षांच्या आसपास गाडीला ऐतिहासिक दर्जा मिळण्याची सोय अनेक देशांत आहे. आपल्याकडे तशी मधली पायरी नाही आणि संग्राहकाची खरी अडचण तीच आहे. तपासणीत नापास झालेली, सुटा भाग न मिळालेली गाडी जपायची असली तरी तिचे कागद जिवंत ठेवता येत नाहीत.

इंधनाचाही प्रश्न आहे. पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० पेट्रोल मिळते. या दोन्ही गाड्या त्याच्या आधीच्या. रोज चालणाऱ्या गाडीत टाकी रिकामी होत राहते. शेडमध्ये महिनोन् महिने उभ्या गाडीत इथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. नळ्या आणि सील वेळोवेळी पाहावेत आणि पंधरा दिवसांतून एकदा गाडी वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणावी. शेतातल्या शेडमध्ये ठेवणार असाल तर बॉनेट उघडून वायरिंगही पाहावे. उंदरांना टर्बो आणि बिनटर्बो यातला फरक कळत नाही.

गाडी पाहायला जाताना

सकाळी जावे आणि आपण पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करू नका असे आधीच सांगून ठेवावे. गरम इंजिन चेनची खडखड लपवते. पोलो चढावर उभी करून हळूहळू पुढे न्यावी. धक्का बसला, थरथर झाली किंवा डॅशबोर्डवर पान्ह्याचे चिन्ह लुकलुकले तर व्यवहार तिथेच थांबवावा. अबार्थ तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगावर आणून पूर्ण दाबावी. फेऱ्या वाढल्या पण वेग वाढला नाही तर क्लच संपली आहे. मागे निळा धूर दिसला तर टर्बो. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती मागावी. पावती नसेल तर बेल्ट बदललाच नाही असे धरून तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्यावेत. टायरच्या कडेला चार अंकी आकडा असतो, पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. कमी चाललेल्या गाडीचे टायर दिसायला नवे आणि वयाने आठ-दहा वर्षांचे निघतात. तशा टायरवर समृद्धीला जाऊ नये.

मागच्या मालकाच्या कर्जाचा बोजा आरसीवरून उतरला आहे का, हे परिवहनच्या संकेतस्थळावर तपासावे. बोजा असेल तर बँकेची फॉर्म ३५ वर सही लागते, आणि गाडी नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. हे हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्राचा रस्ता कर हे दोन्ही आधी हिशेबात धरावेत. अबार्थसारख्या कमी संख्येच्या गाडीसाठी बाहेरच्या राज्यात शोध घेण्याची वेळ येतेच.